टायफॉईड नव्हता

"हे डिप्रेशन आहे," औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले. त्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो हा: "हे कागदावर लिहावंच लागेल का?"

आजारापेक्षा कागदाची भीती. जे विमान चालवतात त्यांना हे समजावून सांगायला नको. आमचं पोट मेडिकलवर चालतं. तपासणीत नापास झालात की विमान फक्त खालून बघायचं. म्हणून फॉर्मवर 'झोप कशी आहे?' असं विचारलं की मी दर वर्षी 'उत्तम' लिहीत आलो. झोप गेली होती तरी 'उत्तम'च.

सुरुवात झोपेपासूनच झाली. कधी पहाटेची ड्युटी, कधी मध्यरात्रीची, दिवसाला चार-चार उड्डाणं. मला वाटलं, दमलोय. मग भूक गेली. मग बायकोनं काही विचारलं की उत्तर द्यायचाही कंटाळा यायला लागला. एकदा नागपूरला उतरताना को-पायलटनं चेकलिस्ट वाचली, म्हणजे उतरण्याआधी तपासायच्या गोष्टींची यादी. मी सगळी उत्तरं दिली. विमान नीट उतरलं. पण त्यातलं एक अक्षर मला आठवेना. माणसं हसत उतरून गेली आणि मी मात्र खुर्चीतच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरबाईंना मी आपण होऊन सांगितलं. त्यांनी ग्राउंड केलं, म्हणजे उड्डाण बंद. उपचार गावाजवळ हवेत म्हणून औरंगाबाद मीच निवडलं.

"याला मेजर डिप्रेसिव्ह एपिसोड म्हणतात," तिथले डॉक्टर म्हणाले. "नुसती उदासी नाही, मेंदूचं कामच मंदावलंय. गोळ्या लागू पडायला तीन-चार आठवडे जातील. बरे झालात की पायलटांचं मेडिकल बोर्ड पुन्हा तपासेल. फक्त कागद सरळ ठेवा."

कागद सरळ ठेवा. आमच्या घरात!

आमचं गाव दिंद्रुड, सुट्टीत मी तिथंच राहायला गेलो. वडील, म्हणजे अण्णा, दूध सोसायटीचे चेअरमन. त्या वर्षी पाऊस असा रुसला की जनावरांची चारा छावणीही सोसायटीनंच उघडली होती. सोसायटीची एक रीत आहे. सभा मंगळवारी असली तर इतिवृत्त सोमवारीच लिहून तयार. 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' हे आधी, चर्चा नंतर, चहासोबत. अण्णांनी उभी हयात असं कामकाज केलं, आणि खरं सांगतो, त्यात कुणाचं काही अडलं नाही.

"ते डिप्रेशन-बिप्रेशन कुनाला सांगू नको," अण्णा म्हणाले. "काय कमी हाय तुला? हितं मानसं टँकरमागं पळायलेत."

माझं डोकं फिरायचं. अहो, टँकर दिसतो, आटलेली विहीर दिसते. माझं काय आटलंय ते कुणाला दाखवू?

त्यात छावणीत चक्कर मारली की लोक विचारायचे, "कॅप्टन, पाऊस पाडायचं इमान तुमीच उडवनार म्हनं?" ही बातमी अण्णांनीच सोडली होती, कारण माझ्या लांबलेल्या सुट्टीला काहीतरी कारण हवं होतं. एखादा ढग न पडताच गेला की लोक आधी वर बघायचे, मग माझ्याकडं. लई वैताग. आजारी मी, आणि दुष्काळही माझ्याच गळ्यात.

गोळ्या घेत राहिलो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज चालत राहिलो. तीन आठवडे काहीच फरक नाही, उलट तोंड कोरडं आणि मळमळ. गोळी फेकून द्यावी वाटे. फेकू नका, एवढंच सांगतो. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी आईकडं दुसरी भाकरी मागितली. आईनं पदरानं डोळे पुसले अन् भाकरी थापायला लागली.

आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. "कॅप्टन, तुमच्या फाइलला दोन आजार लागलेत. यातला खरा कोणता?"

कुणीतरी कंपनीला सर्टिफिकेट पाठवलं होतं: टायफॉईड, विश्रांती, आता पूर्ण तंदुरुस्त, कामावर घ्यावे. कुणीतरी म्हणजे कोण, हे शोधायची गरजच नव्हती.

"अण्णा, कावून केलंत हे?"

"कावून म्हंजे? टायफॉईडला कोन नावं ठेवतंय? येतो, जातो. वळखीचा डॉक्टर हाय, घेतलं लिवून."

आधी इतिवृत्त. मी बरा झालो हेसुद्धा आधीच लिहून टाकलं.

"अण्णा, डिप्रेशनमधून उठलेला पायलट परत उडू शकतो. खोटे कागद देणारा नाही उडू शकत. तुम्ही माझं लायसन घालवलंत."

अण्णा खाली बसले. मला त्यांची कीव आली नाही. राग आला, आणि त्या रागातच त्यांना मुंबईला, कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेलो.

डॉक्टरबाईंनी सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. अण्णांनी खिशातून सोसायटीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र काढलं. मी डोकावून वाचलं: 'कारकुनाच्या नजरचुकीने.' इथंही आधीच तयार! मी कपाळाला हात लावला.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग पत्राची घडी घालून परत खिशात ठेवली.

"म्याडम, चूक म्या केली," ते म्हणाले. "लेकाला इचारलंबी न्हाई. त्याला डिप्रेशन हाय. लोक येडा म्हंतील म्हनून म्या भ्यालो." मग खिशातलं पेन काढून म्हणाले, "कोरा कागद द्या. आता लिवतो."

पुढं बरेच महिने देखरेख, मुलाखती, बोर्डाबाहेरची बाकडी. गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू थांबवल्या, आणि आज मी परत उडतोय. फॉर्मवर 'मानसिक आजार झाला होता का?' असा रकाना आहे. त्यात मी 'होय' लिहितो आणि मला रात्री झोप लागते. माझ्यासारखं कुणाचं होत असेल तर 'उत्तम' लिहीत बसू नका. जाऊन सांगा, आणि घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते मदत करतील.

अण्णांच्या त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडं आहे. अक्षर वाकडंतिकडं. 'माझ्या मुलाला टायफॉईड नव्हता. डिप्रेशन होते. तो खरे बोलला, मी खोटे बोललो.' खाली सही. सहीखाली 'चेअरमन' लिहायची अण्णांची जन्माची सवय. इथं त्यांनी 'वडील' लिहिलंय.