रिकामी गाडी

गहिनीनाथ पाठीवर झोपत नाही, ही गोष्ट त्याच्या बायकोने, चांगुणाने, एकट्या माझ्या बायकोला सांगितली होती. म्हणजे ती गावभर व्हायला वेळ लागला नाही. कुशीवर झोपतो, पालथा झोपतो, पण पाठ अंथरुणाला टेकू देत नाही. झोपेत चुकून उताणा झालाच, तर दचकून उठतो आणि माती पुसावी तसा पाठीवर हात फिरवत बसतो.

गाव हसलं नाही. मला त्याचंच नवल वाटलं, कारण आमचं गाव मयताला गेलं तरी कुणाची तरी टिंगल केल्याशिवाय परतत नाही. पण गहिनी गावाचा पैलवान होता. जामखेडच्या त्या कोरड्या टापूत आमच्याकडे दुसरं होतंच काय? ना नदी, ना ऊस, ना पुढारी. मिसरूड फुटल्यापासून तो जत्रेजत्रेच्या हगाम्यात कुस्त्या मारत आला होता आणि त्याच्या पाठीला कधी माती लागली नव्हती. त्याच्या खुराकाला घरोघरचं दूध जायचं, पाळीपाळीने. आमच्या घरची पाळी मंगळवारची. लोटाभर दूध, वर धुतलेलं फडकं. देवाला नैवेद्य जावा तसं ते जायचं, आणि उपकार केले असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

बहात्तरच्या चैत्रात, आमच्याच जत्रेत, शेवटच्या मानाच्या कुस्तीला कोपरगावकडचा एक गडी आला. कारखान्याच्या भागातला, अंगाने भरलेला, हसतमुख. गहिनीने नेहमीसारखा ढाकेला हात घातला. ढाक हा त्याचा हुकमी डाव, समोरच्याला खांद्यावरून उलथून टाकायचा. पण गडी हातात सापडलाच नाही. काय झालं ते कळायच्या आत गहिनी उताणा पडला होता आणि हलगीवाल्यांचे हात थांबले होते. आपल्याच मैदानात, आपल्याच देवासमोर.

एका कुस्तीने कुणी संपत नाही, असं बन्सी वस्ताद म्हणाले. गावची तालीम त्यांची. गहिनीचा बाप लहानपणीच वारला होता, तेव्हा बापही तेच. त्यांची शिकवायची तऱ्हा निराळी होती. पोरांचे डोळे फडक्याने बांधायचे आणि त्यांना एकमेकांना भिडवायचे. ‘‘डोळं फसत्यात. हाताला इचारा. समूरच्याचं अंग खोटं बोलत न्हाई,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गहिनी त्यात असा तयार झाला होता, की समोरचा कोणता पाय उचलणार ते त्याला नुसत्या धरलेल्या मनगटावरून कळायचं.

हरल्यावर तेच हात त्याच्यावर उलटले. मेहनत तो पूर्वीपेक्षा जास्त करायचा. जोर, बैठका, काही सोडलं नाही. पण समोर कुणी आला की पुढे गेलेले हात मध्येच थबकायचे. घुसायची वेळ यायची आणि निघून जायची. काल लंगोट बांधायला शिकलेली पोरं त्याला रेटत कडेला नेऊ लागली. मी त्याचा लहानपणापासूनचा सोबती, एकदा विचारलं, ‘‘गहिनी, हुतंय काय तुला?’’

‘‘हात घालायच्या आदीच मी पडलेला आसतो,’’ तो म्हणाला.

त्यात त्या वर्षी पाऊस झाला नाही. जनावरं छावणीत गेली आणि माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. पोरं सरकारी सुकडीवर जगत होती, घरोघर कोरा चहा चालला होता, पण गहिनीचं दूध चालूच. एका मंगळवारी माझ्या बायकोने आमच्या एकुलत्या शेळीचं दूध, धाकट्या लेकीच्या तोंडचं, लोट्यात ओतलं, तेव्हा मी खवळलो. ती म्हणाली, ‘‘येत्या जत्रंत भावजी उठतील. तवा म्हनाया नगं, आपलंच दूध कमी पडलं.’’

आता ह्या बाईला काय म्हणावं! आणि ती एकटी नव्हती, सगळं गावच तसं. मला विचाराल तर तिथेच घात झाला. गावाने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याने आठ परत दिल्या असत्या. दुधाला तो काय परत देणार? चांगुणा सांगायची, लोटा पुढ्यात घेऊन बसून राहतो, दुधावर साय धरते, मग डोळे मिटून काढा प्यावा तसा घटाघटा पितो.

त्र्याहत्तरची जत्रा जवळ आली. दुष्काळ असला तरी हगामा मोडायचा नाही, असं पंचांनी ठरवलं. गहिनी वस्तादांकडे गेला. मी तिथेच होतो. ‘‘मला उतरवू नगा,’’ तो म्हणाला. ‘‘आनखी एकदा पडलो तर मी जित्ता ऱ्हानार न्हाई.’’ तो हे ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला. वस्तादांचा चेहरा उतरला.

‘‘एक कुस्ती मार,’’ ते म्हणाले. ‘‘येकच. माज्यासाटी.’’

वस्तादांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. जोड ठरली नेवाशाकडच्या रंगनाथशी. रंगनाथचे वस्ताद आणि आमचे बन्सी वस्ताद गुरुभाऊ, एका तालमीत वाढलेले.

कुस्तीच्या वेळी गहिनीचे कपडे सांभाळायला मी होतो. त्याने शड्डू ठोकला, तोही दबकत. रंगनाथ तगडा होता, मान खांबासारखी. बराच वेळ नुसती खडाखडी चालली. गहिनीचे हात तसेच थबकत होते. आणि एकाएकी त्याला फट सापडली. तो घुसला, आणि वर्षभर रुसलेली ढाक अशी बसली की रंगनाथ उचलला गेला. मैदान उभं राहिलं. मी हातातले कपडे हवेत उडवले. मी गहिनीचं तोंड बघत होतो, म्हणून सांगतो, त्या क्षणी ते जुनं तोंड होतं, त्याच्या लग्नात पाहिलेलं. मग रंगनाथचे खांदे मातीला टेकता टेकता ते विझलं.

बाकी कुणाला ते दिसलं नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, हलगी कडाडायला लागली. बाया पदराने डोळे पुसत होत्या. तो वरून फक्त वस्तादांना शोधत होता.

संध्याकाळी तो तालमीत आला. वस्ताद पायरीवर बसले होते, मी शेजारी. गहिनी उभाच राहिला.

‘‘वस्ताद, त्यानं पाठ दिली.’’

‘‘खुळा का काय? तू पाडलंस त्याला. समद्या गावानं पायलं.’’

‘‘गावानं डोळ्यांनी पायलं. माज्या हाताखाली त्याची मान हुती. पाठ वाचवनारा गडी मानंवर तोलतो, मान दगडावानी ताठ करतो. रंगनाथची मऊ हुती.’’

वस्तादांनी मान खाली घातली. मग म्हणाले, ‘‘बैल भरल्या गाडीखाली एकदा बसला की त्याची हिंमत जाती. मंग आपन त्याला रिकामी गाडी वढाया लावतो. वढून वढून त्याला वाटाया लागतं, जमतंय आपल्याला. मंग भरल्या गाडीलाबी खांदा देतो. मी तेवढंच केलं रं पोरा. तू मरायची भाषा करत हुतास. दुसरं काय करनार हुतो मी?’’ बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. एवढा रांगडा माणूस, पण लेकरासारखा रडला.

‘‘बैलालाबी कळत आसंल वस्ताद, गाडी रिकामी हाय ते,’’ गहिनी म्हणाला. ‘‘त्याला बोलता येत न्हाई, येवढंच.’’ थोडा थांबून तो पुढे म्हणाला, ‘‘मला माजा भरवसा ऱ्हायला न्हवता. पर तुमाला हाय, आसं वाटायचं. त्याच्यावर वरीसभर मेहनत केली. तुमालाबी न्हवता.’’

वस्ताद धोतराने डोळे पुसत राहिले. गहिनीने फेटा सोडला, नीट घडी केली, त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांच्या पाया पडला आणि घरी गेला.

पुढच्या मंगळवारी बायकोने दुधाचा लोटा माझ्या हाती दिला. भर दुपार होती. चांगुणा दारात धान्य निवडत बसली होती, आणि आत ओसरीवर गहिनी झोपला होता. चक्क उताणा, हात पसरून, तोंड उघडं टाकून. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलोच, ‘‘वहिनी, पाठीवर झोपलाय की गडी!’’

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. ‘‘जत्रंपासनं आसंच झोपत्यात. तालमीकडं फिरकलं न्हाईत.’’ मी पुढे केलेला लोटा तिने घेतला नाही. हलकेच माझ्याकडे परत सरकवला. ‘‘ह्ये तुमच्या धाकटीला पाजा भावजी. त्यास्नी आता कशाचंच भ्या ऱ्हायलं न्हाई.’’

मी लोटा घेऊन परत आलो. वाटेत दूध हिंदकळून सांडू नये म्हणून फडकं घट्ट धरलं होतं.