कलम लागलं का?

मुरबाडच्या आमच्या बागमंडळाचे किस्से मी मुद्दाम सांगायला बसत नाही. पेरूची फोड तोंडात टाकताना कुणी सहज विचारतं, "बाई, झाड कलमी का हो?" की झालं. एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. पहिल्या दोन-तीनांना लोक हसतात. पुढच्यांना हसत नाहीत. आणि शेवटचा ऐकला की सगळे माझ्या हाताकडे बघायला लागतात. बघू देत, मला सवय झालीय.

साठ सालाच्या थोडं अलीकडे-पलीकडे मी मुरबाडच्या शाळेत शिकवत होते. मंडळाची चिटणीसही मीच, कारण शुद्धलेखन मला एकटीलाच येत होतं. शिकवायला होते अप्पा. सरकारी रोपवाटिकेत उभा जन्म गेलेला, पेन्शनीत निघालेला माणूस आणि पक्का डावरा.

*

पहिल्या वर्गाची पाटी मी स्वतः रंगवली होती. "रविवारी सकाळी कलमांचा वर्ग. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावे."

कूळकायदा तेव्हा नवा होता, ज्याच्या त्याच्या तोंडी कलमं. धोंडू नावाचा एक शेतकरी सात मैल चालत आला. काखेत कागदांची पिशवी. आल्या आल्या अप्पांच्या पुढ्यात कागद पसरून म्हणाला, "माझ्या जमिनीला कंचं कलम लागतं, तेवढं सांगा."

अप्पांनी वर न बघता विचारलं, "पाण्याचा निचरा होतो का?"

"होतो."

"मग हापूसचं लागेल. चाकू घे."

धोंडूनं चाकू घेतला तो कायमचाच. पुढे मंडळात त्याच्याइतका भरवशाचा माणूस नव्हता.

*

आम्ही करायचो भेट कलम. कोयीपासून वाढवलेलं रोप कुंडीसकट माचावर चढवायचं, चांगल्या आंब्याच्या फांदीला भिडवायचं. दोघांची साल थोडी तासायची, काप कापाला लावायचा आणि केळीच्या सोपटानं, म्हणजे वाळक्या सालपटानं, करकचून बांधायचं. बांधायचं पावसाळ्यात, सोडायचं दिवाळीनंतर. काप एकमेकांत मिसळले, तर कलम लागलं.

एकदा कल्याणहून कुंड्या घेऊन एसटीनं परत येत होतो. अप्पा कानानं जरा कमी, त्यामुळे आमचं बोलणं साऱ्या गाडीला ऐकू जायचं.

"शाळेजवळच्या तिघांना लागलं," अप्पा म्हणाले.

"आणि वर्गातल्या त्या कंपाउंडरच्या?"

"त्याच्या हातानं कुणालाच लागत नाही. तुमचं मात्र पहिल्याच खेपेला लागलं हो."

पुढच्या बाकावरची बाई पोराला पदराखाली घेऊन उठली. आमच्याकडे 'लागलं' म्हणजे बाहेरचं लागलं, झपाटलं. पाच मिनिटांत आमच्या आजूबाजूचे चार बाक रिकामे झाले. कंडक्टरनं तिकिटं लांबूनच दिली आणि बोटं शर्टाला पुसली. मी इतकी हसले की मुरबाड आलेलं कळलं नाही.

आता त्या बाईची आठवण झाली की हसू येत नाही.

*

अप्पांचं बांधणं सगळ्यांपेक्षा उलट. आम्ही उजवीकडून वळसे घ्यायचो, ते डावीकडून. शेवटचं टोक वरून आत सरकवून ते असं दडवायचे की सापडू नये. त्यांनी दाखवण्यापुरतं एखादं बांधलं की सोडताना आमची बोटं झिजायची. धोंडू चिडून म्हणायचा, "अप्पा, तुमची गाठ म्हंजे चोराला पण सुटायची नाय."

त्यांचा चाकूही डाव्या हाताचा, एकाच अंगानं घासलेला. मी एकदा चालवून बघितला, तर सालीवरून घसरून अंगठ्यात शिरला.

"तो तुमचा नाही," अप्पा म्हणाले. "उगाच हट्ट करू नका."

*

दुसरी एक खोड होती. कुणी फांदीला चाकू लावायच्या आधी अप्पा खोडावर डावा तळवा टेकायचे आणि विचारायचे, "येतेस का गो?" मग गप्प उभे. कधी मान हलवून "बांधा" म्हणायचे, कधी "दुसरी बघा."

मी चेष्टा करायचे. "काय म्हणाली हो?"

"सांगितलं तर तुम्ही उद्यापासून येणार नाही."

आमच्या कंपाउंडरला हे सगळं थोतांड वाटायचं. अप्पांनी नको म्हटलेल्या फांदीलाच त्यानं मुद्दाम कुंडी बांधली. दिवाळीनंतर गेलो तर ती फांदी टोकापासून बेचक्यापर्यंत वाळलेली. बेचक्याच्या पलीकडे पालवी. आणि कुंडीतलं रोप जिवंत, हिरवंगार, पण फांदीपासून जेवढं लांब वाकता येईल तेवढं वाकलेलं. कंपाउंडर म्हणाला, उन्हाकडे वाकलंय. ऊन दुसऱ्या बाजूला होतं. त्यानं वर्ग सोडला.

*

आता शेणव्याच्या यमुनाबाईंचं सांगते.

त्या एका वर्गाला आल्या आणि शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून राहिल्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "बाई, मना एकच झाड पायजे. दुसरं काय नको."

त्यांच्या दारात एक आंबा होता. त्यांच्या मंजूनं कोय पुरून लावलेला. मंजू आठ वर्षांची असताना तापात गेली. झाड राहिलं, आणि आता त्याचं खोड भिरुडाच्या अळीनं आतून पोखरलं होतं. एखाद-दोन पावसाळे काढले असते, फार नाही.

"आंबा आंबटढाण आहे," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "पण तिनं लावलेला आहे. तो गेला की मंजीचं काय उरलं माझ्यापाशी?"

पुढचा वर्ग आम्ही त्यांच्या दारातच घेतला. अप्पांचा नियम होता, वर्ग तुमचा, हात तुमचे. त्यामुळे अकरा कुंड्या आम्हीच बांधल्या. अप्पा तेवढे खोडाला हात लावून उभे होते. "बांधा," ते म्हणाले, "पण ही काही बोलत नाहीये."

दिवाळीनंतर सोडल्या. अकराच्या अकरा काप कोरडे, काळे. एकसुद्धा चिकटलं नव्हतं. यमुनाबाई जोत्यावर मटकन बसल्या. अप्पांनी खोडाला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले, मग वळून विचारलं, "तुमची मंजू डावरी होती का हो?"

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. "तुमाला कुनी सांगितलं?" मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "होती. डाव्या हातानं जेवायची. लोक हसतील म्हणून मी तिचा डावा हात कमरेशी बांधून ठेवायची. मग तिचा घास सांडायचा, आनि मी मारायची."

अप्पांनी चाकू पुसून पिशवीत टाकला. "पुढच्या पावसात सगळी मी बांधतो," एवढंच म्हणाले.

*

पुढचा पाऊस अप्पांनी बघितला नाही. उन्हाळ्यातच गेले, बसल्या जागी. तेराव्याला त्यांच्या बायकोनं चाकू माझ्या हातात ठेवला. "तुम्हालाच द्यायचा म्हणाले होते." मी म्हटलं, "अहो, मला तो चालत नाही." त्या म्हणाल्या, "तेही म्हणाले होते. हळूहळू चालेल म्हणाले."

*

यमुनाबाईंचा निरोप आला, झाडाची वरची बाजू वाळली. खालची एकच फांदी हिरवी आहे.

आषाढात मी आणि धोंडू शेणव्याला गेलो. त्या फांदीला जेमतेम एक कुंडी भिडत होती. अख्ख्या तालुक्यात आम्हाला दुसरा डावरा माळी सापडला नव्हता. तेव्हा बांधणार मीच. चाकू माझा रोजचा, उजव्या हाताचा. अप्पांचा पिशवीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला होता.

खरं सांगते, मला लाज वाटली, तरी मी खोडावर तळवा टेकला आणि पुटपुटले, "येतेस का गो?"

मग मी बांधलं. उजव्या हातानं, उजवीकडून, नेहमीसारखं. धोंडूनं कुंडी धरली होती, यमुनाबाई छत्री. दोघंही वीतभर अंतरावरून बघत होती.

दिवाळीनंतर भर दुपारी आम्ही ते सोडायला गेलो. बाकीचं झाड खडखडीत वाळलेलं होतं. मी सोपटाचं टोक शोधू लागले, ते मिळेना. वळसे उलगडायला गेले तर ते आणखी आवळायला लागले. धोंडू वाकून बघत होता.

"बाई, हे डावीकडनं बांधलंय."

टोक वरून आत सरकवून दडवलेलं होतं. मी सोपट कापून काढलं. खाली काप दिसतच नव्हता. साल सालीत मिसळून गेली होती.

"बाई," धोंडू म्हणाला, "तुमी डावऱ्या कवापास्नं?"

मी खाली बघितलं. अप्पांचा चाकू माझ्या डाव्या हातात होता. पिशवीतून कधी काढला ते मला आजही आठवत नाही.

यमुनाबाई दारातून विचारत होत्या, "लागलं का?"

"लागलं," मी म्हणाले.

धोंडू दोन पावलं मागे सरकला. यमुनाबाई मात्र पुढे आल्या. कलमाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दोन वर्षांत मला कधी बाई आणि तुमी सोडून हाक न मारलेल्या त्या माउलीनं माझा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"चल गो, जेवून घे," त्या म्हणाल्या. "ह्याच हातानं जेव. मी बांधायची नाय आता."

त्यांनी पाट मांडला, भात वाढला आणि समोर बसून राहिल्या. मी जेवले, डाव्या हातानं. एक शीतही खाली पडलं नाही.