काढेआत्याची जीभ

काढेआत्याकडे माणसं औषधाला यायची आणि अपमान करून घेऊन जायची. गंमत म्हणजे पुन्हा यायची. समोरचे काका एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, "अहो, रात्र रात्र झोप लागत नाही." आत्या खलबत्त्यातून मान वर न काढता म्हणाली, "कमी बोलून बघा. निदान बायकोला तरी लागेल." मग पुडी बांधून दिली. नापास पोराला घेऊन आलेल्या बाईला तिने सांगितलं, "ब्राह्मी देते, पण पेपर त्यालाच लिहावा लागेल."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झालेली, मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. वडील गेल्यावर ती आमच्याच घरी, स्वारगेटजवळच्या फ्लॅटमध्ये राहत होती. माझ्या आईचं आणि तिचं कधी जमलं नाही. जमणार कसं? आईने हौसेने केलेली आमटी चाखून ही म्हणायची, "छान झालीय. औषध म्हणून घेता येईल."

या बाईचा जीव होता तो माझ्या दादावर. दादा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. पगार असा, की आई तो नातेवाइकांनी न विचारताही सांगायची. पण अमेरिकेशी चालणारे ते कॉल, वर्षाला निम्मी टीम घरी पाठवायची ती पद्धत; पोरगं आतून पोखरत गेलं. छाती धडधडायची, हात थरथरायचे. शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. त्यांनी घबराटीवर आणि झोपेवर गोळ्या दिल्या, आणि त्याला हळूहळू बरं वाटायला लागलं.

आईने त्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या आणि मला दम दिला, "ताईंना कळता कामा नये. जिभेला हाड नाही त्यांच्या. उद्या अख्ख्या पेठेत होईल, मुलगा वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून. मग कोण मुलगी देईल?"

आत्याला दिसत होतं ते इतकंच, की पोराचा चेहरा उतरलाय. तिने काष्ठौषधीच्या दुकानातून झोपेसाठी तगरीची मुळं आणली, जटामांसी आणली, आणि रोज रात्री दुधात उकळून द्यायला लागली. दादा मुकाट्याने प्यायचा. तिला नाही कोण म्हणणार? आई ते रोज बघत होती. डॉक्टरांनी तिला विचारलंही होतं, आणखी काही देता का म्हणून. ती म्हणाली, "छे हो, काही नाही." घरचं दूध डॉक्टरांना काय सांगायचं!

एका सकाळी ऑफिसला जाताना नगर रस्त्यावर दादाला बाइकवर डुलकी लागली. तो दुभाजकावर जाऊन आदळला. मांडीचं हाड मोडलं. पाय वाचला, पण आखूड झाला.

हॉस्पिटलात त्याचे मानसोपचारतज्ज्ञ आले आणि त्यांनी आम्हा घरच्यांसमोर खोदून खोदून विचारलं, तेव्हा आईच्या पर्समधून व्हिटॅमिनची बाटली निघाली आणि आत्याच्या तोंडून दूध. डॉक्टर वैतागलेच. म्हणाले, "गोळीही झोप आणते, तगरही आणते. एकावर एक पडलं की सकाळी गुंगी उतरत नाही. काढा आजपासून बंद. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्याने वेगळाच घोळ होतो. आणि झाडपाला असो नाहीतर घरचं चाटण, आधी मला विचारायचं. अहो, मला तरी सांगायचं होतं, नाहीतर या बाईंना तरी!"

आत्या पांढरीफटक पडली. आईला म्हणाली, "विषाच्या बाटलीवरसुद्धा लोक चिठ्ठी लावतात गं. मी याच्या घशात कशावर काय ओतत होते, एवढं तरी सांगायचंस." दादा घरी यायच्या आत आईने आत्याचं सामान बांधून ठेवलं.

आत्या पर्वतीपायथ्याला एका खोलीत राहायला गेली. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली, "नणंदेच्या काढ्याने पोराचा पाय गेला." गोळ्यांचं नाव नाही. काढ्यासाठी कुणी आत्याच्या दारी फिरकेना. माझ्या मामीने तर एका बारशात तिला तोंडावर विचारलं, "पोराला मारायलाच निघाला होतात का हो?"

आत्या म्हणाली, "हो ना. थोडक्यात चुकलं."

मला इतका संताप आला! मी तिला म्हटलं, "खरं काय ते सांगत का नाहीस? एरवी कुणाला सोडत नाहीस."

"सांगून काय होणार? काढा ऐकून लोक मला शिव्या देतील. गोळी ऐकून त्याला मुलगी देणार नाहीत. माझं काय लग्न राहिलंय?"

दादा दर रविवारी लंगडत तिच्याकडे जायचा. चहात आलं घालायलासुद्धा ती घाबरायची. "डॉक्टरांना विचारून ये," म्हणायची. त्याने विचारलं. डॉक्टर हसून हो म्हणाले. तरी त्याचा चहा बिनआल्याचाच. एरवी तोंड तसंच तिखट. "सावकाश चढ जिना, दुसरा पाय तरी सरळ ठेव," म्हणायची, आणि तो दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभी राहायची.

ती झोपेतच गेली. वैकुंठ स्मशानभूमीत मोजून दहाबारा माणसं होतो. आई आली होती, लोक काय म्हणतील म्हणून. मामी आली होती; दादासाठी वाघोलीचं एक स्थळ तिनेच आणलं होतं आणि मुलीचे काका तिच्यासोबत होते. मामी त्यांच्या कानात, पण आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "हीच ती. मुलाचा पाय हिच्याच काढ्याने गेला."

दादा अग्नी द्यायला पुढे झाला होता. तो थांबला, वळला आणि म्हणाला, "काका, मी मानसोपचाराच्या गोळ्या घेतो. तेव्हाही घेत होतो, आजही घेतो. हिला ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि कळल्यावर हिने ते कुणाला सांगितलं नाही."

काकांनी मामीकडे पाहिलं. आई म्हणाली, "मेलेल्या बाईसाठी स्वतःचं वाटोळं करून घेतलंस." मग पदर सावरून ती रस्त्यावर गेली, रिक्षाला हात केला आणि अग्नी द्यायच्या आधीच निघून गेली.