प्रुइटचा दोरखाना

अ‍ॅसाहेल प्रुइट आयुष्यभर उलटा चालला. कमरेला वाख, म्हणजे दोराचे कच्चे तंतू, गुंडाळायचा, टोक चाकाला अडकवायचं आणि बोटांतून सूत सोडत मागं मागं जायचं. दोर असाच वळतात. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर बापानं बांधलेला त्याचा दोरखाना तीनशे पावलं लांब होता. गावातल्या मासेमारी गलबतांना तिथलाच दोर लागे.

मग दोराच्या धंद्यातली एक बडी कंपनी आली. तिनं एकामागून एक दोरखाने विकत घेतले, निम्म्यांना टाळं ठोकलं आणि मनिलाहून येणारा वाख बंदरात उतरायच्या आधीच उचलायला सुरुवात केली. अ‍ॅसाहेलची चार माणसं रिकाम्या हातानं बसून राहू लागली.

१८९०च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आलं, की अख्खा धंदा मुठीत धरणाऱ्यांविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला. अ‍ॅसाहेलनं ती बातमी बायकोला, थर्झाला, दोनदा वाचून दाखवली. सरकारी वकिलाला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा चर्चचा कोट चढवून तो स्वतःच शहरात गेला.

वकील भला माणूस होता. सगळं ऐकून म्हणाला, "तुमचं खरं आहे, प्रुइटसाहेब."

"मग भरा की खटला!"

"वरून हुकूम नाही."

"कायदा आहे ना?"

"आहे ना. पण त्यांचे अकरा वकील, आणि माझ्याकडे एक कारकून, तोही दुपारपर्यंत. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी त्या खुर्चीत दुसराच कुणी होता. अ‍ॅसाहेलचे कागद काही सापडले नाहीत.

तोवर दोघं कामगार कंपनीच्या गिरणीत लागले होते. कंपनीचा माणूस दारात आला, तेव्हा थर्झा म्हणाली, "करा सही. हट्टानं चूल पेटत नाही."

"बापाचा दोरखाना आहे गं."

"बापाला वाख मिळत होता."

त्यानं सही केली. करारात एक अट होती: प्रुइटनं मरेपर्यंत दोर वळायचा नाही. आठवड्याभरात कंपनीच्या माणसांनी चाकं फोडली, छप्पर सरपणाला गेलं.

एकदा शेजारीण कपडे वाळत घालायला चार-पाच हात दोरी वळून मागायला आली. अ‍ॅसाहेल म्हणाला, "मला मनाई आहे, बाई."

"एवढ्याशा दोरीला कोण धरतंय तुम्हाला?"

"कंपनीविरुद्धचा कायदा कुणी पाळायला लावत नाही. माझा करार मात्र पाळायला लावतील."

ती गेल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. हात मांडीवर होते, आणि अंगठा बोटांवर उगाच फिरत होता. थर्झानं आतून पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं.