खाणीच्या पाण्यावरची साय

आमच्या घरात संशयी स्वभाव हा दुर्गुण मानत नसत. पेंडीचं पोतं आलं की आई कोपरापर्यंत हात घालून तळातली पेंड वर काढायची आणि वास घ्यायची. वनस्पती तुपाला तर तिनं उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नव्हतं. त्यात चरबी असते असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं, आणि आमच्यासारख्या जैनांच्या घरात तेवढं पुरेसं होतं. मीही तिचीच लेक. आण्णा, म्हणजे माझे वडील, तेवढे भोळे, असा आम्हा दोघींचा समज होता.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी सांगलीला हॉस्टेलवर राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. करत होते. मे महिन्याच्या सुट्टीत तासगावजवळच्या आमच्या मळ्यावर आले, तर विहिरीनं तळ गाठलेला. द्राक्षबागेची एप्रिलची छाटणी होऊन नव्या काड्या निघाल्या होत्या. पुढच्या हंगामाचे घड याच काड्यांवर धरतात, त्यामुळं पाऊस येईपर्यंत बाग कशीबशी जगवायची, एवढंच आण्णांच्या डोक्यात होतं. पाणी उरलं होतं ते शेताच्या कडेच्या जुन्या दगडाच्या खाणीत. पसरट, उघडं पाणी. बागेला तेच आणि प्यायलाही तेच. ऊन आणि वारा मिळून त्यातलं किती ओढून नेतात, हे खाणीच्या भिंतीवरच्या ओल्या रेघेवरून रोज दिसायचं.

सोप्यात एक पोतं ठेवलेलं होतं. आत पांढरी भुकटी.

“सांगलीच्या औषधाच्या दुकानातनं आणलंय,” आण्णा म्हणाले. “पाण्यावर टाकायचं. साय धरती. मग ऊन पाणी वडत न्हाई.”

मी पोत्यावरचं नाव वाचलं. सिटाइल अल्कोहोल. आईच्या भुवया वर गेल्या, तेव्हा ही प्यायची दारू नव्हे हे आधी सांगून टाकलं. मग मला चेव आला. हे मेणासारखं घट्ट असतं, पाण्यात विरघळत नाही, याच्या लांबुळक्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि बाकीचं अंग पाण्यापासून पळतं. म्हणून पाण्यावर सगळे रेणू खेटून उभे राहतात, डोळ्यांना न दिसणारा एकच थर होतो आणि वाफेला वाट मिळत नाही. एवढ्यावर थांबायचं ना. पण मी हेही सांगितलं की क्रीम दाट आणि मऊ व्हावं म्हणून त्यातही हे घालतात, आणि आईच्या टाचांच्या भेगांसाठी मी आणलेल्या बाटलीतही हेच असणार.

“पर करत्यात कशापासनं?” आईनं विचारलं.

इथं माझी मास्तरकी संपली. पामच्या तेलापासून करतात, जनावरांच्या चरबीपासूनही करतात. नावातलं ‘सिटाइल’ तर देवमाशावरून आलेलं, कारण पहिल्यांदा ते त्याच्या डोक्यातल्या मेणापासून काढलं. आणि तयार झाल्यावर सगळं एकसारखंच. रंगावरून, वासावरून काही ओळखू येत नाही. दुपारी क्रीमची बाटली परसात राखेच्या डब्याशेजारी गेलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी आण्णा मला घेऊन सांगलीला गेले. दुकानदार म्हणाला, “शंभर टक्के वनस्पतीचं आहे ताई. डोळे झाकून वापरा.” मी विचारलं, कशावरून? “कंपनीच सांगते की.” कंपनीनं कधी सांगितलं, कुणाला सांगितलं, हे विचारल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मला त्याचा एक शब्दही पटला नाही.

परतीच्या एसटीत आण्णांनी खालच्या आवाजात सांगितलं की ते पंधरवड्यापासून खाणीत टाकतायत. हे दुसरं पोतं. वारा सुटला की साय एका काठाला जमते आणि विरून जाते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी नव्यानं टाकावी लागते. “तुज्या आईला सांगू नगंस.” म्हणे भोळे!

आई पाणी दुपदरी फडक्यातून गाळूनच घ्यायची, आणि घागर भरली की तेच फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं खाणीतच धुवायची. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत. उन्हाळ्यात त्या फडक्यावर डासांच्या अळ्या वळवळत असायच्या. त्या संध्याकाळी तिनं मला खाणीवरून हाक मारली. फडकं माझ्यापुढं धरलं. त्यावर वळवळणारं काहीच नव्हतं.

“लय दिस झालं, काई घावत न्हाई ह्यात. मी म्हणलं, पाणी निवळलं. पर गेल्या कुठं त्या?” मग पाण्याकडं बघत म्हणाली, “त्या पोत्यातलं टाकलंय न्हवं ह्यात?”

मी होकाराची मान हलवली.

“तू शिकलीस. सांग, कुठं गेल्या?”

उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते इतकं चटकन सुचल्याचा मला संताप आला. अळी पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला शेपूट टेकवून लोंबकळते आणि तिथून श्वास घेते. ही साय पसरली की त्या पापुद्र्याचा ताण कमी होतो. अळीला टेकायला आधार राहत नाही. ती बुडून मरते. आम्ही केव्हाच्या मेलेल्या जनावराची चरबी हुडकत सांगलीपर्यंत गेलो होतो, आणि इथं आमच्याच खाणीत रोज जिवंत जीव बुडत होते.

मी सगळं सांगितलं. आईनं ते रिकामं फडकंही रोजच्यासारखं पाण्यात धुतलं आणि पिळलं.

जेवताना आण्णा म्हणाले, “डासच मेल्यात न्हवं.” मग पुढं म्हणाले, “बाग वाळली तर खायाचं काय, त्ये बी सांगा मग.” त्यांचंही खरं होतं. मला दोघांचाही राग आला, आणि दोघांचीही कीव आली.

आई भांडली नाही. टाकू नका, असंही म्हणाली नाही. आण्णा पुन्हा त्या भुकटीचा डबा भरून खाणीवर गेले, आणि आई ओढ्यापलीकडच्या चुलत्यांच्या विहिरीवर पाण्याला जायला लागली. पाणी तिथंच गाळायची, फडकं तिथंच धुवायची. माझ्यासाठीही तेच पाणी. भर उन्हात डोक्यावर घागर घेऊन ती ओढा चढून यायची, तेव्हा आण्णा बागेत कामाला वाकलेले असायचे. मान वर करत नसत.

बागेनं तग धरला. काड्या चांगल्या पोसत होत्या.

एका दुपारी आण्णा मळ्यातून घामाघूम होऊन आले. आईनं तांब्या पुढं केला. त्यांनी तो तोंडाला लावता लावता थांबवला.

“ह्ये कुठलं?”

“तुमच्या खाणीतलं,” आई म्हणाली. “तुमच्यासाठी येगळं भरून ठेवती. गाळलंय.”

लग्न होऊन आल्यापासून ती ‘आपली खाण, आपली बाग’ म्हणत आली होती. आण्णा तांब्याकडं बघत तसेच उभे राहिले. मग एका दमात सगळं पाणी प्यायले.