पाच पायऱ्यांचं सभागृह

मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. तोही आमच्याच गावातल्या बौद्ध वस्तीच्या समाजमंदिराचा. दिसायला त्यात काही नाही. गेल्या उन्हाळ्यात बांधलेलं, वर पत्रे, खाली साधी शहाबादी फरशी. त्याच उन्हाळ्यात झालेलं आमचं सभागृह मात्र स्लॅबचं, जोतं कमरेच्याही वर, केजला जाणाऱ्या जीपमधूनही उठून दिसावं असं. बांधकाम समितीचा सचिव मीच होतो. आमच्या चार बैठका कोनशिलेवर कुणाचं नाव कुणाच्या वर कोरायचं, यातच गेल्या. पायऱ्यांचं एका मिनिटात ठरलं. पाच करा, पाच शुभ असतात.

उद्घाटनाला माझी आई खाली मांडवातच राहिली. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत असते. दोघांनी उचलून वर नेतो म्हटलं, तर म्हणाली, "चार माणसांत मला गठुड्यावानी उचलू नगंस." मी हारतुऱ्यांच्या गडबडीत होतो. बरं म्हणालो आणि वर गेलो.

पुढं महिन्याभरातच आई दुपारी घरात दिसेना. बायकोला विचारलं, तर वस्तीतल्या बचत गटाच्या बायका तिला रोज न्यायला येत होत्या. समाजमंदिरात गोधड्या शिवायचं काम चालायचं, आई टाके घालायची. माझ्या पोटात दुखलं. आमच्या सभागृहाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि माझी आई त्यांच्याकडं हसतखेळत बसलेली!

मी हट्टाला पेटलो. गवंडी लावून आठ दिवसांत पायऱ्यांशेजारी उतार घालून घेतला. समाजमंदिराच्या दाराशी होता, त्यापेक्षा रुंद, कठडा चकचकीत स्टीलचा. पुढं जागा नव्हती, म्हणून तो जरा उभा झाला, पण दिसायला झकास. आईला घेऊन गेलो. निम्म्यावर खुर्ची मागं यायला लागली. मी दातओठ खाऊन रेटतोय, आईनं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला.

"खाली घे रं बाबा, पाडशील मला."

खाली आल्यावर मी फणकारलो, "मग त्यांचा कसा काय चांगला झाला?"

"त्यांनी मला इचारलं व्हतं," आई म्हणाली. "मुरूम टाकला की मला न्यायच्या, खुर्ची चढवून बघायच्या. दोनदा उकरला. मग शिमेट घातलं. तू तवा कोनशिलेपायी अंबाजोगाईला खेपा घालत व्हतास."

दुसऱ्या दिवशी तिला वस्तीत मीच घेऊन गेलो. खरं सांगायचं तर त्या उतारात खोट काढायला गेलो होतो. उतार लांबलचक, भिंतीच्या कडेनं वळून गेलेला, कठडा साध्या लोखंडी पाइपाचा. मी खुर्ची रेटायला वाकलो.

"तू सोड," आई म्हणाली.

तिनं चाकांना हात घातला आणि सावकाश, कुठंही न अडता वर गेली. दारातल्या बायका तिला जागा द्यायला सरकल्या. मी खालीच होतो. काहीतरी बोलायचं म्हणून ओरडलो, "उतरताना धरायला येऊ का?"

"कावून?" ती वरून म्हणाली. "माझी मीच उतरते की रोज."