जानकीकाकूंची तारामती

मुलुंड पूर्वेला, आमच्या सोसायटीमागच्या मैदानात दर मे महिन्यात चार दिवस मालवणी जत्रा भरते. जानकीकाकू परब तिथे वड्यांच्या स्टॉलवर असायच्या. पदराने घाम टिपत वडे तळायच्या आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांवर खेकसायच्या. त्यांना गाता येतं हे जत्रेच्या मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांचं माहेर कुडाळजवळचं. वडील दशावतारी नाटकांत बायकांची कामं करायचे. जत्रांचा हंगाम आला की शेती भावावर सोपवून, साडी आणि काकणं गाठोड्यात बांधून नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरायचे. त्यांची तारामती बघायला शेजारच्या गावांतून माणसं चालत येत. मेलेल्या मुलाला, रोहिदासाला मांडीवर घेऊन ते विलापाचं पद म्हणू लागले की बायका तोंडात पदर कोंबून रडायच्या.

जानकी ती सगळी पदं नुसती ऐकून शिकली. अकरा वर्षांची असताना एकदा विहिरीवर तिने तोच विलाप म्हटला. वडील मागे उभे होते.

"सूर बरो आसा तुझो," ते म्हणाले.

"मगे माका न्हेशात नाटकात?"

वडील हसले. "चेडवांचा काम नाय ता." मुलींनी नाटकात उभं राहायची रीतच नव्हती.

लग्न होऊन ती मुंबईला आली. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन झाला आणि ती घरोघरी पोळ्या लाटू लागली. वडील गेल्याची तार आली तेव्हा धाकटा मुलगा तापाने फणफणला होता. ती गावी पोचली तोवर तेरावाही उरकला होता. वडिलांची साडी, काकणं कंपनीतलं कुणीतरी घेऊन गेलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षांत काकूंनी कुणासमोर पद म्हटलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पवईला ऑफिसात जाणारा आमचा सुशांत गावडे हौशी मंडळींबरोबर तारामती करणार होता. जत्रेच्या आदल्या आठवड्यात मंडपामागे तालीम चालली होती. काकू स्टॉलची भांडी लावत होत्या. विलापाचं पद कानावर पडलं आणि त्या हातातली परात घेऊनच तिकडे गेल्या.

"असा नाय रे बाबा! पोर गेलाहा तिचा. तू आरती म्हटल्यासारखो काय म्हणतंस?"

सुशांत ओशाळला. "मोबाइलवर बघून बसवलंय काकू. तुम्ही सांगा ना, कसं म्हणायचं?"

काकूंनी परात खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच पद धरलं. पेटीवर आमचा विद्याधर होता. त्याने पहिल्या ओळीला साथ दिली, दुसरीला भात्यावरचा हातच काढून घेतला. बांबू बांधणारी माणसंही वरून बघत राहिली.

मग रोज तालीम काकूच घेऊ लागल्या. पदर कसा सावरायचा, खांदे कसे पाडायचे, विलापाआधी किती वेळ गप्प राहायचं, हे सगळं त्या करून दाखवायच्या. एक दिवस सुशांत म्हणाला, "काकू, तुम्हीच करा ना तारामती. मस्करी नाही करत."

काकूंचा चेहरा उजळला. क्षणभर त्या खरंच विचार करत होत्या.

"गुडघे बघ माझे," त्या म्हणाल्या. "तारामती खाली बसता. मी बसलंय तर उठवक दोन माणसां लागतली!"

सगळे हसले. काकूही हसल्या, आणि पाठ फिरवून उगाच रिकामं पातेलं पुसत बसल्या.

शेवटी ठरलं, अभिनय सुशांतचा आणि पद काकूंचं. लाउडस्पीकर दहाला बंद करावा लागतो म्हणून नाटक सातलाच सुरू झालं. विलाप आला तेव्हा काकू पेटीशेजारून सुशांतकडेच बघत गात होत्या. मध्येच त्यांचा आवाज अडकला. विद्याधरने सूर धरून ठेवला. काकूंनी पद पुरं केलं. मैदानात भेळवाल्याचा चमचासुद्धा वाजत नव्हता.

नाटक संपल्यावर सुशांत गंगावन काढू लागला तर काकूंनी त्याचा हात धरला. "रव जरा. इतक्यात काढू नको."

"तुमचे बाबा असेच दिसायचे का हो?"

"नाय रे. ते काळे होते." त्यांनी त्याच्या खांद्यावरचा पदर नीट केला. "त्येंनी आयकाक होया होता."

आता काकूंनी स्टॉल सोडलाय. उन्हाळ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये त्या पोरांना पदं शिकवतात. यंदा तारामती आहे श्रुतिका, अकरावीतली. परवा तालीम संपली तरी काकू तिला म्हणाल्या, "परत एकदा चलून दाखव गो."

"काकू, चुकतंय का काही?"

"चुकना नाय. माका बघूचा आसा."

श्रुतिका हॉलच्या त्या टोकाला गेली, पदर डोक्यावर घेतला आणि चालत आली. काकूंनी तिला आणखी दोनदा चालायला लावलं.